वरची कडी

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. झाडांनी गच्च भरलेल्या गल्लीतल्या एका बंगल्याला लागून मला तीस वर्षं झाली. मला घडवणाऱ्या सुतारानं माझ्यावर थाप मारून घरमालकांना सांगितलं होतं, "हत्तीनं धडक दिली तरी हलायचा नाही!" ते ऐकून माझी छाती फुगली होती. तेव्हा मला एकच कडी होती, तीही दिवसभर मोकळी. शेजारची मुलं चेंडू मागायला थेट स्वयंपाकघरापर्यंत जायची.

मग समोरच्या काकूंच्या अंगणातून दोन कुंड्या चोरीला गेल्या.

घरमालकांच्या थोरल्या बहिणीनं त्याचा धसकाच घेतला. सगळी गल्ली तिला आत्या म्हणायची. "आज कुंडी नेली, उद्या कपाट नेतील," असं म्हणत तिनं मला खाली दुसरी कडी ठोकून घेतली. पुढे साखळी आली, आडवा अडसर आला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसे स्क्रू माझ्या अंगात शिरत राहिले. पाचवी कडी तर अगदी वर, माझ्या कपाळाशी बसली. खिडक्यांना जाळ्या लागल्या आणि मागच्या दारापुढे जुनं कपाट सरकवलं गेलं. भाऊ आणि वहिनी कामावर गेले की आत्या पाचही कड्या लावायची, वरचीसाठी स्टुलावर चढायची आणि मग दिवसभर जाळीतून झाडं बघत बसायची. चोर बाहेर राहिले हे खरं, पण वाराही बाहेरच राहिला. मला तिची दया यायची आणि रागही यायचा. मी दरवाजा कसला, भिंतच झालो होतो.

एका सकाळी वरची कडी लावून उतरताना स्टूल कलंडलं. आत्या माझ्या पायाशी पडली आणि तिला उठता येईना. तिनं बसूनच खालची कडी काढली, मधली काढली, साखळी सोडवली, अडसर ढकलला. मग ती वर बघत राहिली.

तिच्या हाका ऐकून काकू धावत आल्या. "आत्या, अहो काय झालं?"

"पाय मोडलाय बहुतेक. चार काढल्या गं, वरची हाताला लागत नाही."

काकूंनी खांदा लावला. गल्लीतल्या चौघांनी धक्के दिले. मी जागचा हललो नाही. आत्या माझ्यावर डोकं टेकून रडत होती, "मला इथं कोंडून मरायचं नाही हो!" माझ्या मजबुतीची मला तेव्हा पहिल्यांदा लाज वाटली.

शेवटी त्याच सुताराला बोलावलं. आता तो म्हातारा झाला होता. "माझाच आहे, मीच फोडतो. आत्या, जरा बाजूला सरका," असं म्हणून त्यानं पहार घातली. फुटताना मला फार दुखलं, पण इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

महिन्याभरानं त्यानं मला सांधून पुन्हा बसवलं. पाचातली एकच कडी हातात धरून त्यानं विचारलं, "कुठं लावू?" प्लास्टरमधला पाय सांभाळत आत्या खुर्चीतून पुढे वाकली आणि माझ्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं."

मित्रांनो, घर जरूर जपा. पण दाराला कडी ठोकण्याआधी एकदा आत जमिनीवर बसून बघा, आपला हात तिथवर पोचतो का.