बिदाईची धून

केळझरच्या बँडमास्तर दिवाकरला एकच घोर होता: बिदाईला त्याच्या क्लॅरनेटवर हल्ली कोणी रडत नव्हतं. असा बँड लग्नात कोण बोलावणार? म्हणून स्पॅनिश शिकणाऱ्या आपल्या मुलीकडून त्याने मेक्सिकोचं एक जुनं लोकगीत उचललं, सोडून गेलेल्या प्रेयसीच्या आठवणीचं. आज माईकवर अर्थ सांगून तेच वाजवलं. नवरीची आई निवांतपणे डबे गाडीत ठेवत राहिली. हुंदके देऊन रडला तो एकटा नवरदेव.

"कोन होती ते?" नवरीने विचारलं.

नवरदेवाने शेल्याने डोळे पुसले. दिवाकरने घाईने नाचाची धून धरली.

"मास्तर, नाच राहू द्या," नवरी म्हणाली. "तेच वाजवा. मले यांचं तोंड पाहू द्या."

दिवाकरला बिदाईत पहिल्यांदाच फर्माईश आली होती, आणि फुंकायचं धाडस होईना.