घाण्याची बोली

नांदेडला तरोडा नाक्याजवळ आरतीनं लाकडी घाण्याचं दुकान टाकलं, तेव्हा त्याला नाव द्यायचं राहूनच गेलं. सासूबाईंनी, म्हणजे तुळजाबाईंनी, देवीचं नाव सुचवलं, नवऱ्यानं पोरीचं. दोघांचं काही जमेना, आणि पेंटर तर डबा-कुंचला घेऊन दारात उभा. आरती वैतागून म्हणाली, "जे हाय तेच लिही ना बाबा!" त्यानं लिहिलं, 'घाणा'.

सहा वर्षांत तेच नाव झालं. करडईचं तेल, जवसाचं, तिळाचं. हिमायतनगरची माणसं कामाला नांदेडला आली की जाताना डबा भरून न्यायची. 'घाण्यावरचं हाय' एवढं म्हटलं की पुढं काही सांगावं लागायचं नाही.

नणंद मनस्विनी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तेल पुण्या-मुंबईला पाठवायचं तर वेबसाइट पाहिजे, हे तिनंच वहिनीच्या डोक्यात भरवलं. 'घाणा डॉट इन' हे नाव आधीच कुणाचं तरी होतं, पण त्या माणसानं वर्षाची फी भरली नव्हती, म्हणून आता त्या नावाचा लिलाव निघाला होता. दहा दिवस बोली चालणार, गुरुवारी दुपारी तीनला संपणार.

"आपल्याशिवाय कोण घेणार हे नाव?" मनस्विनी म्हणाली. "बाराशे लावू, वहिनी. जास्तच होतील."

बाराशे लावले. दुसऱ्या दिवशी कुणीतरी पाच हजार केले. आरतीनं सहा केले, त्यानं बारा. समोरच्याचं नाव दिसायचं नाही, नुसता नंबर दिसायचा. सात नंबरवाला कोण, काही कळेना. आरतीजवळ तिसऱ्या घाण्यासाठी जमवलेले चाळीस हजार होते. सहाव्या दिवशी छातीवर दगड ठेवून तिनं चाळीस लावले. चहा उकळायच्या आत सातनं एक्केचाळीस केले.

आरती त्या आकड्याकडं बघत बसली. लाकडी घाण्याच्या नावावर कुणाचा एवढा जीव अडकावा? तेलातलाच माणूस असणार. आणि तेलातला पैसेवाला म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढं एकच चेहरा आला, लातूरच्या चंद्रप्पा शेठचा. त्यांचा सोयाबीनच्या रिफाइंड तेलाचा कारखाना होता. हात जोडलेला त्यांचा फोटो निम्म्या मराठवाड्यात एसटीच्या पाठीवर फिरायचा. मागच्या दिवाळीत नांदेडला आले असताना ते दुकानापुढं थांबले होते, पाटी वाचून म्हणाले होते, "नाव झकास हाय."

"तेच हायत," आरती म्हणाली. "मी जाऊन सांगते त्यांना."

"वहिनी, पुरावा काय?"

"झकास म्हणाले ना!"

सोमवारी सकाळच्या गाडीनं ती लातूरला गेली. शेठ कारखान्याच्या ऑफिसात बसले होते, शेजारी कॉम्प्युटरवर त्यांची सून सुकन्या. आरतीनं करडईच्या तेलाची बाटली टेबलावर ठेवली आणि हात जोडले.

"शेठ, तुम्हाला कशाची कमी हाय? माझं एवढं नाव तेवढं सोडून द्या."

"कोणतं नाव?"

"घाणा."

शेठनी सुनेकडं पाहिलं. "आपण कुठं काय लावून ठेवलंय का गं?"

"नाही मामा."

शेठचा चेहरा इतका कोरा होता की आरतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भल्या माणसावर आळ घेतला! ती चूक भरून काढायची म्हणून तिनं सगळं नीट समजावून सांगितलं. वेबसाइटचं नाव म्हणजे काय, लिलाव कुठं असतो, बोली कशी लावतात, गुरुवारी तीनला कसा बंद होतो. सुकन्यानं मागितला म्हणून लिलावाच्या साइटचा पत्ताही कागदावर लिहून दिला. शेठनी चहा मागवला, वर चिवडा.

"किती झाली म्हणालात?"

"एक्केचाळीस हजार."

"नुसत्या नावाला?"

"नुसत्या नावाला."

शेठ बराच वेळ बशीतल्या चहावर फुंकर घालत राहिले. मग म्हणाले, "एक्केचाळीस हजार मोजणारा येडा नसतो, बाई."

परतीच्या वाटेवर आरतीला हलकं वाटत होतं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा तिनं पोरीसाठी पेरू घेतले आणि शेजारच्या बाईला सांगितलं की मोठी माणसं उगीच मोठी होत नाहीत, मन लागतं त्याला.

मंगळवारी सकाळी लिलावात नवा नंबर आला, अठ्ठावन्न. पहिलीच बोली, साठ हजार.

मनस्विनीनं चष्मा काढून पुसला. "वहिनी, तुम्ही लातूरला काय काय सांगितलं?"

"सगळं," आरती म्हणाली.

त्यानंतर आरतीला करण्यासारखं काही उरलंच नाही. सात आणि अठ्ठावन्न, दोघांची अशी जुंपली की बुधवारी संध्याकाळी आकडा चार लाखांवर गेला. ज्यानं आयुष्यात घाणा चालवला नाही असा एक, आणि जो कोण हेच माहीत नाही असा दुसरा, दोघं तिच्या पाटीवरून भांडत होते. आणि ती मात्र गिऱ्हाइकाला अर्धा लिटर तेल मोजून देत होती.

गुरुवारी मनस्विनी सुट्टी टाकून लॅपटॉप घेऊन दुकानातच येऊन बसली. तीन वाजले, पण लिलाव काही संपेना. शेवटच्या पाच मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ दहा मिनिटांनी वाढायचा, आणि दोघंही त्या पाचातल्या चौथ्या मिनिटालाच हात वर करायचे. चार वाजता सात लाख. साडेचारला साडेनऊ. आरती काउंटरवरून मान वळवून वळवून बघत होती. एका गिऱ्हाइकाला तिनं तिळाच्या जागी जवसाचं तेल दिलं, तेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात नेहमीच्या गिऱ्हाईक प्रेमला मॅडम तेल न्यायला आल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता आणि रिटायर झाल्यावरही ती सवय गेली नव्हती. दोघी कशात एवढ्या गुंगल्यात म्हणून त्या काउंटरवरून वाकल्या, पडद्यावरची इंग्रजी अक्षरं लावली आणि वर्गात म्हणावं तसं खणखणीत म्हणाल्या, "घाना. पश्चिम आफ्रिका. कोको आणि सोनं. राजधानी अक्रा."

"अकरा न्हाई मॅडम, अजून साडेनऊच चालू हाय," आरती म्हणाली.

मनस्विनीनं मात्र कपाळावर हात मारून घेतला. पाच वर्षं ती पोरांना कॉम्प्युटर शिकवत होती, दहा दिवस ती पाच अक्षरं टाइप करत होती, पण त्यांचा उच्चार घाण्याशिवाय दुसरा होऊ शकतो हे तिच्या मनातही आलं नव्हतं. सात नंबरवाला तेलातला नव्हताच. त्याला एक अख्खा देश पाहिजे होता.

"म्हणजे शेठ देशाशी भांडून राहिले?" आरतीनं विचारलं.

"देशाशी नाही. देशाचं नाव विकत घेऊन ठेवणाऱ्या कुणाशी तरी. त्याच्यापुढं शेठ काहीच नाहीत."

आरती चिडलेली होती. आपल्याच तोंडून ऐकून आपल्याच नावावर टपलेल्या माणसाचा राग आला नाही असं कसं म्हणावं? पण कुणी डोळ्यांदेखत विहिरीकडं चालला असेल तर हाक तरी मारावी. तिनं फोन लावला.

"शेठ, आता थांबा. तो घाणा आपला घाणा न्हाई. देश हाय तो, आफ्रिकेतला."

पलीकडून शेठ पोटभर हसले. "बाई, चाळीस वर्षं काढली म्या आडतीत. माल किडका हाय म्हणून जो कानात सांगतो ना, घेणारा तोच असतो."

"तुमच्या गळ्याशपथ, शेठ! भूगोलाच्या मॅडम समोर उभ्या हायत."

"असू द्या की उभ्या. देश असो न्हाईतर परदेश, नाव तर मराठी हाय?"

फोन बंद झाला आणि आकडा दहा लाख झाला. सातनं अकरा केले. अठ्ठावन्ननं अकरा साठ. दुकानात तिघी आणि त्यांच्यामागं चार गिऱ्हाइकं श्वास धरून उभी. एक एक मिनिट सरलं. दहाची दहा सरली. सात नंबर परत आला नाही.

"संपलं," मनस्विनी म्हणाली.

आरतीला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. उलट घरी जाताना तिची मान जरा ताठच होती. "आत्या, आपल्या घाण्याला अकरा लाख साठ हजार आले," तिनं सासूला सांगितलं.

"मग पैसे कवा देणार ते?" तुळजाबाईंनी विचारलं.

पंधरा दिवसांनी सुकन्याचा फोन आला, तो जरा दबक्या आवाजात. वेबसाइट सुरू झाली होती आणि रोज पत्रं येत होती. कुणाला व्हिसा पाहिजे, कुणाला कोकोचा भाव, एक जण फुटबॉलच्या तिकिटासाठी रोज लिहायचा. मामांना हे सांगायची कुणाची छाती होत नव्हती. शिवाय मामांनी लातूरभर फलक लावले होते, 'घाणा – अस्सल मराठी तेल', आणि आता येणारा जाणारा विचारत होता, शेठ, घाणा कुठाय? कारखान्यात तर सगळी पोलादाची यंत्रं.

महिन्याभरानं आरतीच्या दुकानापुढं गाडी थांबली. शेठ उतरले, पाटी परत एकदा वाचली, पण या वेळी झकास म्हणाले नाहीत.

"महिन्याला किती निघतं तुमच्याकडं?"

आरतीनं सांगितलं.

"दुकानापुरतं ठेवून बाकी सगळं मला द्या. आणखी घाणे बसवा, आगाऊ रक्कम देतो. भाव?"

आरतीनं नेहमीच्या भावावर लिटरमागं चाळीस रुपये चढवून सांगितले आणि भांडायची तयारी करून उभी राहिली. रुपयासाठी सौदा मोडणारा म्हणून ज्याची ख्याती, तो माणूस नुसता मान हलवून म्हणाला, "नावाला एवढे गेले. आता तेलाला काय मागं-पुढं बघायचं!"

गाडीत बसता बसता ते थांबले. इकडं-तिकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तो देश नेमका कुठं आला?"

"आफ्रिकेत. पश्चिमेला."

"तिकडची माणसं करडई खात असतील का हो?"

तिसरा घाणा बसला, पाठोपाठ चौथा. तेल पिंपातून लातूरला जातं, तिथं बाटलीत भरतात, बाटलीवर शेठचा हात जोडलेला फोटो. मनस्विनीनं वहिनीसाठी दुसरं नाव घेतलं, 'तरोड्याचा घाणा', आठशे रुपयांत. त्या नावावर जगात दुसऱ्या कुणाचा डोळा नव्हता.

परवा कॉलनीतल्या एक बाई डबा घेऊन आल्या, बँकेतल्या साहेबांच्या मिसेस. आरती तेल ओतत असताना म्हणाल्या, "तुमचं तेल बरं आहे हो, नाही असं नाही. पण एकदा ती लातूरची इंटरनेटवरची बाटली मागवून बघा. लाकडी घाण्याचं खरं तेल कसं असतं ते कळेल तुम्हाला."

"महाग असंल," आरती म्हणाली.

"दुप्पट आहे. पण चवीत फरक पडतोच ना?"

आरतीनं धार थांबवली, डब्याची कड फडक्यानं पुसली आणि झाकण घट्ट दाबून लावलं.

"पडतो की," ती म्हणाली. "लई पडतो."