केझायाच्या पोटाची धास्ती

इंग्लंडात सफोकमधल्या एका वर्कहाउसात, म्हणजे सरकारी गरीबखान्यात, पाच साहेब टेबलामागे बसले होते, आणि पाचांनाही एका म्हातारीच्या पोटाची धास्ती! काय म्हणावं असल्या माणसांना? केझाया पिटक अडुसष्ट वर्षांची. तिचा आंधळा नवरा ओबेद तिचा दंड धरून उभा. पूर्वी असल्या म्हाताऱ्यांना गावाकडून घरपोच पाव मिळायचा. नव्या कायद्याने तो बंद केला. आता पाव हवा तर वर्कहाउसात या, आणि नवरा-बायको वेगवेगळ्या अंगणात राहा, मध्ये उंच भिंत.

"असं का हो, साहेब?" केझायाने विचारलं. "त्याला मी भरवते. पुढ्यात काय वाढलंय तेही दिसत नाही त्याला."

अध्यक्ष विन्कॉप खाकरले. "बाई, एका थोर अर्थशास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. धान्य सावकाश वाढतं, खाणारी तोंडं भराभर. गरिबांना जोडीने पोसलं की आणखी पोरं होणार."

हे सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घरात पोरांची पलटण होती.

"कोण हा शहाणा?"

"पाद्री होते. चार वर्षांपूर्वी वारले."

"मेला, तरी आमच्या अंथरुणात डोकावायचं सोडलं नाही म्हणायचं!"

एक साहेब फिसकन हसला. विन्कॉप लालबुंद झाले.

"अहो, माझ्याकडे बघा तरी," केझाया म्हणाली. "मला आता पोर होणार?"

"तुम्हाला सूट दिली की उद्या सगळे मागतील. नियम म्हणजे नियम."

केझायाला शिसारी आली. त्या गुळगुळीत तोंडांची, त्या मेलेल्या पाद्र्याच्या हिशेबाची. टेबलावर थुंकावंसं वाटलं तिला.

"चल रे ओबेद. कुंपणाशी पडून मरू, पण दोघं मिळून मरू. यांचं अन्न नको आपल्याला."

ओबेद हलला नाही. आतून ओटच्या पेजेचा वास येत होता आणि त्याचं तोंड तिकडे वळलं होतं.

"ओबेद?"

"केझी," तो हळूच म्हणाला, "परवापासून पोटात काही नाही गं."

 साहेबांनी कागद चाळायला घेतले. मग तिने आपल्या दंडावरची त्याची बोटं सोडवली आणि त्याचा हात दाराशी उभ्या असलेल्या शिपायाच्या हातात दिला.

"चमचा डाव्या हातात द्या त्याच्या," ती म्हणाली. "उजवा थरथरतो."