पहिले दहा नसलेली टेप

मित्रांनो, मी एक जुनी मेजर टेप आहे. पिवळी, पोलादी, पाच मीटरची. खरं सांगायचं तर चार मीटर नव्वदची. माझे पहिले दहा सेंटिमीटर नाहीत, आणि त्या दहापायी एक म्हातारी जिवानिशी जाणार होती.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी धडधाकट होते. एका वायरमनने मला दुकानात उचललं, पट्टी बाहेर ओढून खटकन आत सोडली आणि म्हणाला, "आवाज बरा आहे." जसा काही पोपटच विकत घेत होता! पुढे अकरा वर्षं मी त्याच्या कमरेला लटकले. सुरुवातीलाच एकदा लोखंडी दारात सापडून माझं टोक तुटलं. दुसऱ्या कोणी मला भंगारात टाकलं असतं. यानं तुटलेली कड घासली आणि स्वतःपुरता नियम केला: भिंतीला दहाचा आकडा लावायचा, वाचताना दहा कमी करायचे, खूण करताना दहा वाढवायचे. एकदाही चुकला नाही गडी. पण तो नियम त्याच्या डोक्यात होता. माझ्यावर कुठेच लिहिलेला नव्हता.

मग आम्ही एका साहेबांच्या घरी कामाला गेलो. साहेब बावन्न वर्षांचे, पण आई त्यांना अजून बाळ म्हणायच्या. या आजींनी जन्मभर लोकांचे कपडे शिवले होते. आता नजर अधू झालेली. त्यांचं मागणं एवढंसं होतं, "पलंगाशी एक दिवा दे रे बाळ. सुईत दोरा ओवता आला म्हणजे झालं."

बाळाने एक ऐकलं आणि बारा ठरवले. घरातली सगळ्यात मोठी खोली आईची, तेव्हा तिला फॉल्स सीलिंग आणि सीलिंगच्या आत बसवलेले बारा दिवे. चार-चारच्या तीन रांगा. पंधरा दिवस साहेब कागदावर गोल काढत होते. जेवतानासुद्धा ताटाशेजारी कंपास.

वर लोखंडी चॅनेलचा सांगाडा उभा राहिला तेव्हा वायरमनने मला लावून मोजलं. "साहेब, उशाकडच्या भिंतीपासून पन्नासवर चॅनेल आलंय. दिवे साठवर घ्यायचे. त्या चॅनेलवर अख्खं ओझं आहे, त्याला हात लागता कामा नये."

साहेबांनी 'साठ' लिहून खाली दोन रेघा मारल्या. मग खालून छताचे पांढरे बोर्ड लागले आणि चॅनेल झाकून गेलं. वायरमन चार दिवस बहिणीकडे निघाला. "छिद्रं मी आल्यावर पाडतो. टेप राहू दे इथेच. आणि हो, तिचे पहिले दहा नाहीत बरं का, दहावर धरावी लागते."

अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं त्याच्याबरोबर बसमध्ये बसून गेलं.

दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या हाताला खाज सुटली. शेजाऱ्याचा होल कटर आणला, शिडी लावली, माझा दहाचा आकडा भिंतीला टेकवला आणि कागदावरच्या साठवर खूण केली. सत्तरवर करायला हवी होती, मित्रांनो. मी मनात ओरडत होते. पण टेपचं मन कोण ऐकतो?

खालून आजी म्हणाल्या, "दहा वाढवलेस का रे?"

"दहावरच धरलंय, आई."

"धरलंस ते दिसतंय. वाढवलेस का?"

"आई, हे झबलं नाहीये, सीलिंग आहे!"

कटर फिरला. मध्येच करकर आवाज आला. "काय मजबूत माल आहे!" असं म्हणत साहेबांनी आरी आणली आणि चॅनेल कापलं. उशाच्या रांगेत चार छिद्रं, चार ठिकाणी तेच चॅनेल. मग वर किती जागा आहे ते पाहायला माझी वीतभर पट्टी ओढून खटका लावला आणि मला एका छिद्रातून आत सारलं. तेवढ्यात फोन वाजला. बोलून आल्यावर त्यांनी बाहेर काढून ठेवलेल्या वायरी जोडल्या, दिवे छिद्रांत बसवले आणि मला वरच विसरले.

त्या अंधारात मी तीन दिवस पडून होते. कापलेली टोकं तसूतसूने खाली वाकत होती. माझ्या बरोबर खाली आजींची उशी होती.

पहिल्या दिवशी उशीवर चिमूटभर पांढरी पूड पडली. दुसऱ्या दिवशी केसाएवढी चीर आली.

"बाळ, हे वर काहीतरी कुरकुरतंय."

"नवीन काम आहे, आई. जरा बसेल आपोआप."

ते बसतच होतं, मित्रांनो. फार सावकाश.

चौथ्या दिवशी दुपारी चॅनेल इतकं कललं की मी घसरले. वेड्यावाकड्या छिद्राच्या फटीतून माझी वीतभर पट्टी खाली लोंबली. उशीवर टेकलेल्या आजींनी हाक मारली, "बाळ, तुझ्या छतानं जीभ काढलीय बघ!"

साहेब धावत आले. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. आजी उठून दार उघडायला गेल्या आणि साहेब बूट घालूनच पलंगावर चढले.

दारात वायरमन उभा होता. त्याने आजींच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "साहेब, ओढू नका! खाली उतरा आधी!"

"अरे, तुझीच टेप आहे, देतो काढून..."

मी चॅनेलच्या टोकाला जीव खाऊन अडकले होते. साहेबांनी हिसका दिला.

धूळ बसली तेव्हा साहेब पलंगावर पांढरेफटक बसले होते. कपाळाला खोक, मुठीत मी. एक दिवा वायरीला लोंबत त्यांच्या नाकावर उजेड पाडत होता. वायरमनने धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

कापलेल्या चॅनेलचं टोक उशीत घुसलं होतं. बरोबर मधोमध, डोक्याएवढा खळगा होता तिथे.

वायरमन पुटपुटला, "चूक माझी आहे, आजी. मी अर्धंच सांगितलं."

"आणि यानं पाव ऐकलं," आजी म्हणाल्या.

आता माझ्या पाठीवर लाल रंगात लिहिलंय: 'पहिले दहा नाहीत. वाचताना कमी, खूण करताना जास्त.' मित्रांनो, मोडकी वस्तू टाकून देऊ नका, ती उपयोगी पडते. पण तिची खोड पूर्ण सांगितल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हातात देऊ नका.

आजींच्या पलंगाशी आता एकच दिवा आहे. त्याची जागा त्यांनी स्वतः मोजली, माझ्याकडूनच. संध्याकाळी त्याच्याखाली बसून त्यांनी सुईत दोरा ओवला आणि उशीचं भोक शिवून टाकलं.