ग्रोनूटनच्या डब्यातली वही

शनिवारी सकाळी हालवोरने मुलीच्या सॅकमध्ये संत्रं घातलं, चॉकलेटची पट्टी घातली आणि वर नेहमीचं वाक्य ऐकवलं, "वर जाऊन ये, बरं वाटेल."

इल्वा बुटांच्या नाड्या बांधत बसली होती. सोळा वर्षांची पोर, पण एका नाडीला तिला पाच मिनिटं लागत होती.

"बाबा, आज नको ना," ती म्हणाली.

"आज नको, उद्या नको, असं करत माणूस गादीला चिकटतो. बाहेर ऊन बघ कसं पडलंय. आणि कपाला दोनच फेऱ्या राहिल्यात. आता कच खातेस?"

तिने सॅक पाठीला लावली, स्की खांद्यावर घेतल्या आणि गेली.

कपाची भानगड अशी, की सप्टेंबरपासून ईस्टरपर्यंत जो पन्नास वेळा ग्रोनूटन डोंगराच्या माथ्यावर जाईल, त्याला गावच्या स्की क्लबतर्फे चिनी मातीचा कप मिळतो. माथ्यावर दगडांच्या ढिगात पत्र्याचा डबा, डब्यात वही, वहीत आपण आपलं नाव आणि तारीख लिहायची. बघायला कोणी नसतं. करांच्या कागदात गावातला एखादा थोडं इकडचं तिकडे करील, पण त्या वहीत खोटं लिहावं हे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. कप तसा दिसायला भिकारच आहे. तरी घराघरांत खिडकीत मांडलेला असतो.

हालवोर वीस वर्षं क्लबच्या शर्यतीच्या पोरांना शिकवत होता आणि त्याच्या बटव्यात औषध एकच. डोकं दुखतंय? बाहेर जा. परीक्षेची भीती वाटते? बाहेर जा. बायको रुसली? दोघं बाहेर जा. त्याची आई गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि तिला पुरल्याच्या दुसऱ्याच दिवशी बापाने त्याला डोंगरावर नेलं होतं. तेव्हा बरं वाटलं होतं की नाही, हे त्याला कधी कोणी विचारलं नाही आणि त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

ऑक्टोबरात इल्वाने शर्यत सोडली. "मला आत काहीच वाटत नाही, बाबा. जिंकले तरी नाही," एवढंच म्हणाली. गुनवोर, त्याची बायको, वृद्धाश्रमात नर्स. ती म्हणाली, पोरीला डॉक्टरकडे नेऊ या. हालवोर म्हणाला, "डॉक्टर काय देणार? गोळ्या. मी तिला डोंगर देतो." मग आठवड्यातून दोन-तीनदा शाळेनंतर डोंगर. वर नेहमी जाणाऱ्या शेजारच्या ओडवारला तो कुंपणावरून विचारायचा, "पोरगी जाते ना रे वर?" ओडवार म्हणायचा, "वहीत नाव आहे की." झालं, बापाचा जीव भांड्यात. फेब्रुवारीत शाळांच्या पाहणीचा निकाल आला, या गावातली पोरं जिल्ह्यात सगळ्यात जास्त हालतीफिरती आणि सगळ्यात समाधानी. हालवोरने ते कात्रण क्लबच्या फळ्यावर स्वतः टाचलं होतं.

यंदा फेऱ्या मोजण्याची पाळी त्याचीच होती. भरलेली वही आदल्या संध्याकाळी कोणीतरी खाली आणून दिली होती. इल्वा गेल्यावर त्याने कॉफी ओतली, पावावर तपकिरी चीजचे काप ठेवले आणि मजेत वही उघडली. आधी लेकीचं नाव शोधलं, बापच तो.

नाव होतं, अठ्ठेचाळीस वेळा. प्रत्येक वेळी ओडवारच्या नावाखाली, त्याच बोथट पेन्सिलने, त्याच जुन्या शाळेच्या तिरक्या अक्षरात. ओडवार फेरीपुढे हवामान टिपायचा. "ओडवार, पश्चिमेचा वारा, उणे अकरा. इल्वा, तेच." पानामागून पान, इल्वा, तेच. इल्वाच्या हातचं अक्षर वहीत कुठेच नव्हतं.

हालवोरने फोन लावला. तो इल्वाच्या खोलीत, उशीवर वाजला.

ओडवार दारातच लाकडं रचत होता. ऐंशी वर्षांचा म्हातारा, एक पाय लांब सोडून बसलेला.

"हे काय आहे?" हालवोरने वही त्याच्यापुढे धरली.

ओडवारने पान डोळ्यांजवळ धरलं. "तिनेच सांगितलं. म्हणाली, माझंही नाव टाकत जा, म्हणजे बाबा विचारायचा थांबेल. मला वाटलं, कप हवा असेल पोरीला. तो क्लबचा कप, त्यात काय एवढं पाप?"

"मग ती जाते कुठे?"

"अर्ध्या वाटेवरच्या निवाऱ्यात बसते. मी जाताना तिथे, येताना तिथे. बरं वाटत नाही का विचारलं, तर म्हणाली, नुसती बसलेय."

"आज?"

"आज मी गेलोच नाही. गुडघा धरलाय. सकाळी ती आली होती, तिला तसं सांगितलं. म्हणाली, मग आज माझं मलाच जावं लागेल." ओडवारने हातातलं लाकूड खाली ठेवलं. "ती हसली, हालवोर. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसली. मला ते बरं नाही वाटलं."

हालवोरने स्की पायात अडकवल्या आणि निघाला. वीस वर्षं दुसऱ्यांच्या स्कीला मेण लावणारा माणूस, पण आज आपल्याच स्कीला मेण नाही हे त्याला पहिल्या चढावर कळलं. मेणाविना पकड नाही, एक पाऊल पुढे की दोन मागे. त्याने स्की फेकल्या आणि बुटांनीच चढू लागला. पाय मांडीपर्यंत बर्फात रुतत होते. तोंडाने तो तिचं नाव घेत होता, पण हाक म्हणावी असा आवाज काही निघत नव्हता.

निवारा रिकामा होता. बाकाखाली संत्री होती, एकापुढे एक नीट मांडलेली, दगडासारखी गोठलेली, काहींना पक्ष्यांनी टोचलेलं. चाळीसेक असतील. त्या त्या सकाळी याच हातांनी त्याने ती दिली होती. आजचं मात्र तिथे नव्हतं, आणि निवाऱ्यापासून स्कीची ताजी वाट वर गेली होती.

तेव्हा तो रडला, चढता चढताच. देवावर त्याचा कधी विश्वास नव्हता, तरी मनात तो कोणाच्या तरी पाया पडत होता. कप नको, डोंगर नको, ती मोकळी हवाही आयुष्यात पुन्हा नको. पोर तेवढी असू दे.

शेवटच्या चढाच्या अलीकडे वाट वळते, तिथे एक स्की आडवी पडली होती. तिच्यापलीकडे बर्फात इल्वा बसली होती. टोपी मांडीवर आणि हातात न सोललेलं संत्रं. ओठ निळे पडले होते.

तो तिच्याजवळ कोसळलाच. तिचं जाकीट त्याने दोन्ही मुठींत धरलं.

"तू इथे कसा?" ती म्हणाली.

"वही पाहिली."

"ओडवारला रागावू नकोस. त्याला काही माहीत नाही."

"तू मला सांगायचंस गं. नाही जायचं म्हणून सांगायचंस."

"दर वेळी सांगत होते."

ती संत्र्याकडे बघत बोलू लागली, कालच्या जेवणाबद्दल बोलावं तशी. "वर गेले तर खाली येणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून निवाऱ्यात थांबायचे. दोन तास काढायचे आणि घरी यायचं. आज वाटलं, आता नाही थांबता येत. इथपर्यंत आले. मग पायच उचलेनात."

ती थांबत होती आणि तो ढकलत होता. दर फेरीला खाऊ बांधून देऊन ढकलत होता. तोंडात नेहमीचंच वाक्य आलं, बरं वाटेल, आणि त्याने ते गिळलं.

त्याने आपलं जाकीट तिला घातलं. तिथूनच गुनवोरला फोन केला. "इल्वा सापडलीय. माझ्याजवळ आहे. तुझं बरोबर होतं. डॉक्टरला आत्ताच्या आत्ता फोन कर, आम्ही खाली येतोय. थांब, आणखी एक. ती एकटं राहू द्या म्हणाली तरी तिला आता सोडायचं नाही." पलीकडे गुनवोर काय म्हणाली, ते त्याला नीट ऐकूच आलं नाही.

दोघं उतरू लागले. तिच्या स्की त्याच्या खांद्यावर, तिची बाही त्याच्या मुठीत. निवाऱ्यापाशी क्लबमधलं एक कुटुंब भेटलं, गाल लाल झालेलं, आनंदी.

"काय ऊन पडलंय, हालवोर!" त्यातला बाप म्हणाला. "वर जाऊन आलात वाटतं?"

"नाही," हालवोर म्हणाला. "नाही गेलो."

तो माणूस अवघडून पुढे निघून गेला.

खालच्या उतारावर इल्वा म्हणाली, "उद्या रविवार आहे, बाबा." रविवारी या गावात ताप असलेला माणूसच घरात राहतो.

"असू दे," तो म्हणाला. "तू सकाळी नको म्हण. मी ऐकेन."

ती हो म्हणाली नाही. पण चालत राहिली, आणि घर येईपर्यंत त्याने बाही सोडली नाही.