पेल्याचे वजन

अर्धांगाच्या झटक्याने पाववाल्यांचा उजवा हात निकामी झाला, तेव्हा भट्टीचा भार कन्येने शिरावर घेतला. पावाची कृती वडिलांच्या जिभेवर होती: वीस पेले पीठ, त्याला इतके पाणी, इतकी साखर, इतके मीठ. पेलाही तोच, काठ झिजलेला, पितळी. परंतु कन्येची श्रद्धा वजनावर. हात बदलले तरी वजन बदलत नाही, हा तिचा सिद्धान्त. तिने चमच्याने पेला अलगद भरला, सुरीने काठाशी सपाट केला आणि पीठ तोलले. एकशेवीस ग्रॅम भरले. त्याला विसाने गुणून तिने पीठ मळले.

पाव भट्टीत उत्तम फुगले आणि बाहेर येताच मधोमध खचले. दुसरी खेपही तशीच. रुग्णालयाच्या स्वयंपाकघराचे मुख्य आचारी पाव दोन बोटांनी उचलून म्हणाले, "ताई, हा पाव आहे की रुग्णाची उशी? संध्याकाळी येतो. तेव्हाही असाच असला तर उद्यापासून दुसरी भट्टी बघतो."

ते गिऱ्हाईक गेले की भट्टी विझणार, हे घरात सर्वांस ठाऊक होते.

"तरी सांगत होतो," वडील खुर्चीतून म्हणाले, "काट्याला काय कळतंय पावातलं!"

"मग तुम्ही भरा, बाबा. मी तोलते."

"डाव्या हातानं?"

"डाव्यानं."

त्यांनी पेला पिठात बुडवून हळूच वर काढला आणि अंगठ्याने काठ पुसला. एकशेबत्तीस. "हेच माझं माप," ते ठामपणे म्हणाले. त्या वजनाने तिसरी खेप झाली. पाव किंचित सावरले, तरी खचलेच.

दुपार कलली. कन्येने मात्र भट्टीत पुन्हा लाकूड सारले, हात धुतले आणि पेला वडिलांसमोर धरला. "परत भरा."

"अगं, पालथ्या घड्यावर पाणी!"

"भरा, बाबा."

दाराशी भाजी निवडीत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "अहो, पण ठोकत का नाही?"

"काय ठोकत नाही?"

"पेला! पिठाच्या कोठीच्या काठावर, दोनदा. इतकी वर्षं पहाटे त्याच आवाजानं जाग येत आली मला."

"मी? मी कधीच ठोकला नाही."

"घोरणारा माणूसही असंच म्हणतो."

कन्येने पेला भरून कोठीच्या काठावर दोनदा ठोकला. पीठ दबून खाली बसले. तिने वरून भर घातली, काठ पुसला, तोलले. दीडशे. तिच्या पहिल्या मापाने वीस पेल्यांत सहाशे ग्रॅमची तूट पडली होती. म्हणूनच जास्त झालेल्या पाण्याने पाव बसत होता. वडील स्वतःच्या निश्चल उजव्या हाताकडे पाहत राहिले. त्या हाताने आयुष्यभर केलेले काम त्यांच्या मनाला कधी कळलेच नव्हते.

संध्याकाळी आचाऱ्यांनी नव्या खेपेचा पाव दाबला. तो पुन्हा वर आला. "उद्या पहाटे गाडी पाठवतो," एवढेच बोलून ते निघाले.

कन्या बसली नाही. तिने साखरेचा डबा ओढला.

"आता गं काय?"

"साखर, मग मीठ. सगळ्यांचं वजन काढणार."

वडिलांनी डाव्या हाताने पेला भरला. "हिलाही ठोकू?"

"ठोका. किती फरक पडतो ते काटाच सांगेल."

ठक, ठक.

"हळू हो," आई म्हणाली, "अजून पहाट व्हायचीय."