कडेचा ब्लॉक

मित्रांनो, जुना म्हणावं इतकं माझं वय नाही, तरी आज मी वाटेतून निखळलेला सिमेंटचा ब्लॉक आहे. पनवेलजवळच्या एका कारखान्यात साच्यातून निघालो, तेव्हा माझे कोपरे कसे नीट होते! गव्हाणच्या शिवा घरतने आम्हाला आणलं ते दारापासून गेटपर्यंत वाट करायला. म्हणायला ती गाडीची वाट. खरी होती ती त्याच्या बायकोसाठी, भामासाठी. तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं, आणि मातीत तिच्या चाकांच्या खुर्चीची चाकं रुतत. गेटपाशी संध्याकाळी आळीतल्या बायका जमत. भामाला तिथवर जायचं होतं, एवढंच.

गवंड्याने खाली दगडाची बारीक कच अंथरली आणि आम्हाला एकमेकांना खेटून बसवलं. आम्हाला सिमेंटने चिकटवत नाहीत, मित्रांनो. आम्ही शेजाऱ्याच्या आधाराने उभे असतो. पण कडेच्याला एका बाजूला शेजारीच नसतो. त्याला काँक्रीटची पट्टी धरून ठेवते. मी कडेचा होतो.

"पट्टी आजच घालू का?" गवंड्याने विचारलं.

"आता नको," शिवा म्हणाला. "निकेशच्या हळदीचा मांडव हाय. खांब हितंच रोवायचं हायत. लगीन झालं का घालू."

निकेश त्याचा मुलगा. मांडवाच्या दिवशी खांबांसाठी आम्हा कडेच्यांना उपटलं, खड्डे खणले, आणि मांडव निघाल्यावर पुन्हा जागेवर टाकून पायाने माती लोटली. पण हळद काय रंगली म्हणून सांगू! सगळा गाव आमच्या अंगावर नाचला. भामाने खुर्चीत बसून डाव्या हाताने लेकाला हळद लावली. "आता माजी गाडी चालली बगा गेटवर!" असं ती ज्याला त्याला सांगत होती. त्या दिवसाइतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

लग्न झालं. मग पाहुणे होते, मग गणपती आले, मग माणूस मिळेना. पट्टीचं नाव निघायचं आणि चहाबरोबर विरून जायचं. पावसाने कडेची माती नेली, तिच्यामागून माझ्याखालची कच गेली. निकेश गाडी वळवताना चाक नेमकं माझ्यावर घाली. मी बाहेर सरकलो, मला टेकलेला माझ्यामागे सरकला, त्याच्यामागे तिसरा. आमच्यात फटी पडल्या. मला दिसत होतं सगळं. ओरडायला तोंड असतं तर घसा फुटेपर्यंत ओरडलो असतो.

एका संध्याकाळी नवी सून हेतल खुर्ची ढकलत होती. पुढचं चाक माझ्या शेजारच्या फटीत अडकलं आणि खुर्ची कलंडली. भामाने सवयीने डावा हात टेकला. तिचा तेवढा एकच हात चालत होता, मित्रांनो. तोच मोडला.

हाड जुळलं, बोटं मात्र पूर्वीसारखी वळली नाहीत. ती पुन्हा वाटेवर आली नाही. आता खुर्ची ओटीवरच असते. ओटीला थोडा उतार आहे, खुर्ची पुढे घसरते, म्हणून शिवाने सुटा पडलेला एक ब्लॉक उचलून चाकापुढे लावला. तो मीच. जिला वाट द्यायला मी आलो, तिच्याच चाकापुढे मी आडवा पडलो आहे. याहून वाईट नशीब कुठल्या दगडाचं असेल?

परवा शिवा तिच्याजवळ बसला होता. "दिवाळी झाली का कडा बांधून घेतो गं. पक्की पट्टी घालतो."

"आता कोनासाटी?" भामा म्हणाली.

तो उठून आत गेला.

मित्रांनो, तुमच्या दारात कधी अशी वाट झाली, तर मधली नक्षी नंतर बघा, आधी कडा धरा. मांडव काय, दोन खांब पलीकडे सरकवूनही उभा राहतो. इथे माझं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

संध्याकाळ झाली. गेटपाशी बायकांचा हसण्याचा आवाज येतो. भामा मान वळवते, अंग पुढे झुकवते. खुर्ची जराशी हलते आणि मला येऊन टेकते.

मी तिला अडवतो.